आपण कुठी हरलो, ते जितले

टोपी सांभाळत हॉकी खेळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. उजव्या हातात स्टिक, डावा हात डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवर आणि समोरून बॉल घेऊन एखादा तगडा फॉरवर्ड सुसाट येतो आहे. अशा वेळी जगातल्या कुठल्याही फुलबॅकला आधी बॉल दिसला असता. गुलाबभाऊंना माणूस दिसायचा. "सांभाळून जी, तिथं खड्डा हाये!" असं ते त्याला ओरडून सांगायचे. तो खड्डा चुकवायचा, मग गुलाबभाऊंना चुकवायचा, मग मला चुकवायचा. पुढचं सांगायला नको.

मला चुकवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. मी गोलकीपर होतो. तो कसा झालो, हे सांगितल्याशिवाय आमच्या टीमची कळा ध्यानात यायची नाही.

सेलूला तेव्हा एका शेठजींची कापसाची जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी होती. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या जिनवाल्यानं हॉकीची टीम काढली, म्हणून आमच्या शेठजींनीही काढली. टीम पगारी होती. म्हणजे कामठीचा यूसुफ कागदोपत्री फिटर होता, पण मशीनपेक्षा मैदानावर जास्त दिसायचा. खेळाडूंना दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या हंगामाचा पगार मिळे आणि त्याच हंगामात आसपासच्या कारखान्यांच्या ढालीच्या मॅचेस असत. मी सिंदी मेघेहून कारकुनाच्या जागेसाठी आलो होतो. शेठजींनी माझा अर्ज बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "हॉकी खेलते हो?"

शाळेत असताना मी टीमच्या कप्तानाची स्टिक घरापर्यंत वाहून नेत असे. एवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "हो."

"कौनसी जगह पे?"

"जी रिकामी असेल ती."

शेठजींना हे उत्तर फार आवडलं. रिकामी जागा गोलात होती. आधीच्या गोलकीपरच्या गुडघ्यावर बॉल बसला होता आणि तो सासुरवाडीला निघून गेला होता. हे मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेलो आणि कप्तानासमोर उभा राहिलो. कप्तान म्हणजे गुलाबराव झाडे. वय चाळिशीचं, उंची दाराला टेकेल अशी, खादीची अर्धी चड्डी, पायात बूट आणि डोक्यावर ती टोपी. दिवसा ते फॅक्टरीच्या काट्यावर बसून कापसाच्या गाड्या मोजत. मी स्टिक कशी धरतो ते त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"वामनबाबू, खरं सांगजा. कधी खेळले काय?"

"नाही," मी म्हणालो. नोकरी एका दिवसाची ठरली, असं मला वाटलं.

"मंग बरं हाये. शिकेल माणसाले वाईट सवयी असतात. तुमाले एकबी सवय नाई." माझ्या पाठीवर हात ठेवून ते मला दोन खांबांच्या मधे घेऊन गेले. "इथं उभं राहाचं. बॉल आला तर समोर व्हाचं. घाबरल्यासारखं वाटलं तर माह्याकडे पाहाचं."

महिनाभरात सगळ्या वाईट सवयी मी स्वतःच्या कष्टानं मिळवल्या. घाबरल्यावर गुलाबभाऊंकडे पाहायचो, तर ते पाडलेल्या फॉरवर्डला उठवत असायचे. "लागलं काय जी?" तो म्हणायचा, नाही. "पाहू बरं गुडघा." तोवर दुसरा कोणी गोल करून गेलेला असे.

काट्यावरही त्यांची हीच तऱ्हा होती. गाडीवाला पहाटेपासून रांगेत ताटकळलेला असायचा, भांडायच्या तयारीनं यायचा. गुलाबभाऊ त्याला बोलूच देत नसत. "पहिले पाणी घ्या. मंग बोला." पाणी पिऊन झालं की घरची चौकशी, बैलाची चौकशी, लेकीच्या लग्नाची चौकशी. मग वजन. तोवर त्या माणसाला कशासाठी भांडायचं होतं तेच आठवत नसे. शेठजी म्हणत, "ये आदमी काटे पर नहीं, मेरी तिजोरी पर पानी डालता है." पण गाडीवाले सेलूतल्या बाकीच्या जिनिंग फॅक्टऱ्या सोडून आमच्याच दारात रांग लावत, म्हणून शेठजी पाण्याचा खर्च सोसत होते.

आमचं मैदान म्हणजे फॅक्टरीचं आवार. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या वाढत आणि मैदान आक्रसत जाई. बॉल बैलांच्या पायांत जायचा, गाडीखाली जायचा. एकदा यूसुफनं मारलेला आमचा एकुलता एक नवा बॉल प्रेसच्या खिडकीतून आत गेला, रुईच्या ढिगात बुडाला आणि शोधाशोध सुरू होईपर्यंत गाठीत दाबला गेला. कोणत्या गाठीत, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही हळहळलो आणि विसरलो. गुलाबभाऊ विसरले नाहीत. त्या दिवशीची प्रत्येक गाठ त्यांनी पुन्हा काट्यावर चढवली. एक जरा जड निघाली. कोळशानं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आत चेंडू आहे." मुनीमजी डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, मुंबईचा व्यापारी काय म्हणेल?"

"काय म्हनल? वाकडा कपडा निंघाला तर त्याले कारन तं समजन!"

त्या हंगामात आम्ही हरत गेलो. हिंगणघाटाकडच्या टीमशी हरलो, पुलगावच्या टीमशी हरलो, ज्यांना हरवायचं म्हणून टीम निघाली होती त्या शेजारच्या जिनशी तर इतकं हरलो की त्यांच्याच माणसांनी आम्हाला उसाचा रस पाजला. त्यातल्या एका पराभवात माझा वाटा जरा उठून दिसणारा आहे. बॉल दूर मधल्या रेषेवर होता. तेवढ्यात शेठजी पाहुण्यांना घेऊन नेमके माझ्या गोलामागे येऊन उभे राहिले. मालक मागे उभा आणि आपण त्याच्याकडे पाठ करून, हे कारकुनाच्या रक्तात बसत नाही. मी वळलो, दोन्ही हात जोडून लवून नमस्कार केला. शेठजींनी नमस्कार घेतला नाही. ते माझ्या पायांमधून आत आलेल्या बॉलकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी मी तोंड लपवत होतो. गुलाबभाऊ आले.

"वामनबाबू, चेहरा काऊन पाडून राह्यले?"

"आपण हरलो ना, माझ्यामुळे."

"आपण कुठी हरलो? ते जितले." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. प्रत्येक मॅचनंतर ते त्याच उत्साहानं म्हणत, जणू काही नवीनच सुचलं आहे. यूसुफ मग आकाशाकडे पाहून म्हणायचा, "कप्तान, एखाद दिन हम भी जीत जाएं, तो उन लोगों को कहने दो ना यही बात!"

पाहुण्या टीमला आधी जेवू घालायचं आणि मग खेळायचं, हा गुलाबभाऊंनी घातलेला नेम होता. आवाराच्या कडेला गोवऱ्यांची आग करून ते स्वतः रोडगे भाजत. कणकेचे ते गोळे निखाऱ्यांतून काढून, राख झटकून, फोडून त्यात तूप सोडायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पळसाच्या पत्रावळींची एकच लांब पंगत. आमचा सेंटर फॉरवर्ड सुखदेव हा फॅक्टरीतला हमाल. त्या वर्षी दसऱ्याला तो घरच्या सगळ्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. हंगामाच्या पहिल्याच पंगतीत मुनीमजींनी त्याच्यासाठी पलीकडे वेगळी पत्रावळ मांडायला सांगितली. सुखदेव उभाच राहिला. गुलाबभाऊंनी ती पत्रावळ उचलून आणली आणि आपल्या शेजारी ठेवली.

"मुनीमजी, मैदानात आमी एकाच बाजूनं मार खातो. जेवाले दोन बाजू कायले?"

सुखदेव बसला. बसताना म्हणाला, "भाऊ, मार खाले मी पहिले, अन् जेवाले मी शेवटी, असं तं नाई ना?" पंगत हसली. मुनीमजी हसले नाहीत; पण रोडगे सुटले नाहीत त्यांच्याच्यानं.

होळी जवळ आली तेव्हा ढालीची एकच मॅच उरली होती. शेठजींनी सगळ्यांना काट्याजवळ बोलावलं.

"एक. सिर्फ एक मॅच जीतके दिखाओ. नहीं तो अगले साल से टीम बंद. जो खेलने का पगार लेता है, वो अपने घर."

 यूसुफच्या घरी कामठीला सहा तोंडं होती. सुखदेवला टीममुळे हमालीच्या वर काही मिळत होतं, ते जाणार होतं. आणि गुलाबभाऊंना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी काटा बंद झाला की त्यांना घरी जायची घाई नसे, कारण आवारात आम्ही असायचो. ते फक्त म्हणाले, "हो जी." पाणी घ्या असं म्हणायलाही विसरले, म्हणजे बघा.

शेवटची मॅच नागपूरच्या एका छापखान्याच्या टीमशी होती. ती टीम त्या वर्षी कोणाकडूनच हरली नव्हती. आम्ही जिंकू असं आवारातल्या बैलांनाही वाटत नव्हतं.

मॅचच्या दिवशी गुलाबभाऊंनी सकाळपासून आग पेटवली. पाहुणे मोटारीनं दुपारपर्यंत येणार, जेवणार, आराम करणार आणि उन्हं उतरल्यावर मॅच. रोडगे तयार झाले, वरण उकळलं, पाहुणे नाहीत. ऊन कलायला लागलं, पाहुणे नाहीत. अंपायर होते हायस्कुलाचे ड्रिल मास्तर. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून मैदानाच्या कडेला टेबलावर ठेवलं आणि नियम सांगितला: ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात पाहुणी टीम मैदानात उतरली नाही, तर यजमान जिंकले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ही शक्यता आमच्या स्वप्नातही नव्हती. यूसुफ माझ्या कानाशी लागला, "वामनबाबू, दुआ करो." आणि खरोखरच, वर्ध्याकडे चाललेल्या एका मोटारसायकलवाल्यानं बातमी आणली, की केळझरच्या चढावर एक मोटार बंद पडली आहे आणि नागपूरची पोरं झाडाखाली बसली आहेत.

आवारात जो कल्ला झाला! सुखदेवनं मला खांद्यावर घेतलं. शेठजी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हार आणायला माणूस पाठवला. हंगामभर हरून शेवटी एक मॅच अशी पदरात पडत होती, की ज्यात मला बॉलला हातही लावावा लागणार नव्हता. माझ्या खेळाला याहून शोभणारा विजय नव्हता. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "भाऊ कुठी गेले?"

गुलाबभाऊ नव्हते. आगीपाशी नव्हते, काट्यावर नव्हते. आम्हाला वाटलं, गणपतीला नारळ फोडायला गेले असतील. ड्रिल मास्तर घड्याळाकडे पाहत होते. आम्ही मास्तरांकडे पाहत होतो. शिट्टी त्यांच्या ओठांशी गेली आणि फाटकातून फॅक्टरीचा ट्रक धुरळा उडवत आत आला. ट्रकच्या पायरीवर गुलाबभाऊ उभे, एक हात टोपीवर. आणि मागे गठ्ठ्यानं उभी असलेली छापखान्याची अख्खी टीम, स्टिका उंचावून ओरडत.

"पोट्टेहो, पाहुणे आले! पाणी आना!"

कोणी हललं नाही. यूसुफ मटकन खाली बसला. "या अल्ला, ये आदमी किसकी टीम में है?"

मी धावत पुढे गेलो. "गुलाबभाऊ, अहो, ते आले नसते तर आपण जिंकलो होतो!"

ते माझ्याकडे पाहत राहिले. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आतापर्यंत आलीच नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ती आता आली, बसली आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"पण बाबू," ते हळूच म्हणाले, "सकाळपासून उपाशी होते ना ते. अन् रोडगे थंडे होऊन राह्यलते."

मग ते मास्तरांकडे गेले आणि आधी जेवण होऊ द्या म्हणून हात जोडले. मास्तर म्हणाले, जेवण खेळून झाल्यावर. आत्ता उतरले नाहीत तर पाहुणे बाद. पाहुणे उपाशीच उतरले.

आणि इथं दैवाला आमची दया आली. मोटार ढकलून, उन्हात बसून त्या पोरांचे पाय जड झाले होते. बॉल आमच्याकडे येईच ना. आणि पहिला डाव संपायच्या आत यूसुफनं दिलेला बॉल सुखदेवनं असा सणसणीत मारला, की त्यांच्या गोलाची मागची फळी वाजली. आमचा गोल! त्या साऱ्या हंगामात आम्हाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. मला राहवलं नाही. गोल सोडून मी सगळं मैदान ओलांडून धावत गेलो आणि सुखदेवच्या गळ्यात पडलो. मी त्याला उचलून गरगरा फिरवत असताना मधल्या रेषेवर मास्तरांनी खेळ पुन्हा सुरू करायला बुली लावली होती. नागपूरवाल्यांनी बॉल स्टिकनं ढकलत रिकाम्या गोलात नेऊन ठेवला. ठेवला म्हणजे ठेवलाच. मारायची गरज नव्हती.

"अबे बाबू," माझ्या मिठीतून सुटत सुखदेव म्हणाला, "तू इकडं काऊन बे?"

तरी बरोबरी होती आणि पाहुणे भुकेनं पिवळे पडले होते. मधल्या सुटीत आम्ही घोळक्यानं बेत करत होतो. वळून पाहतो तर गुलाबभाऊ समोरच्या टीममधे. हातात परात. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. "घ्या जी, अजून घ्या. थोडं पाणी घ्या वरून." एकेकाच्या ओंजळीत ते भर घालत होते आणि एकेकाच्या गालावर रंग येत होता. यूसुफनं ते दृश्य पाहून स्टिक गवतावर आडवी ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या डावात ती पोरं गुळावर धावली. गोल एकच झाला, पण पुरेसा होता.

मॅच संपली तेव्हा पत्रावळी मांडून झाल्या होत्या. दोन्ही टीम बसल्या. गुलाबभाऊ निखारे उकरून रोडगे काढत होते. शेठजी हार हातात घेऊन आले. तो कोणाच्या गळ्यात घालावा हे त्यांना समजत नव्हतं आणि चेहरा मात्र सगळं सांगत होता.

"गुलाबराव, मुझे सबके सामने एक बात बोलनी है."

आमचे घास हातात राहिले. गुलाबभाऊंनी राखेचे हात चड्डीला पुसले.

"बोला जी. पण पहिले बसा. तुमी बसल्याबिगर पाहुणे घास नाई उचलत."

पाहुण्यांनी घास केव्हाच उचलले होते, पण ते ऐकून त्यांनी ते सभ्यपणे खाली ठेवले. सकाळपासून उपाशी असलेली ती पोरं शेठजींकडे पाहत राहिली. शेठजींना बसावंच लागलं. गुलाबभाऊंनी रोडगा फोडला, वरण ओतलं, तुपाची धार धरली. शेठजींनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग बोलणं जरा लांबणीवर पडलं.

तेवढ्यात छापखान्याचा कप्तान उठला. छपाईचे शिशाचे खिळे जुळवून बोटं काळी झालेला एक जाडजूड कंपोझिटर होता तो. पोटावर हात ठेवून म्हणाला, "शेठजी, आम्ही सगळीकडे जिंकलो, पण रस्त्यावरून उचलून आणून कोणी जेवू घातलं नव्हतं. ज्याचं खाल्लं त्याले जेवू घातल्याबिगर आमच्या घरी सूनबाई ताटबी धुवत नाई. पुढल्या साली मॅच नागपुरात. हेच अकरा जण पाह्यजे, दुसरे नाई चालणार. अन् तुमी स्वतः. तुमच्यासाठी सगळं निराळ्या चुलीवर करतो. या म्हना."

 पंगतीत बसून, दुसऱ्याचं आवतण, तोंडात घास असताना नाकारायचं, हे सेलूत काय, उभ्या वर्धा जिल्ह्यात कोणाला जमलेलं नाही. शेठजींनी गुलाबभाऊंकडे पाहिलं. गुलाबभाऊ आमच्याकडे पाठ करून मुनीमजींना वांग्याची भाजी वाढत होते. हा डाव होता की भाबडेपणा, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

"आएंगे," शेठजी म्हणाले. आणि जरा थांबून, "थोडा घी देना."

पुढच्या हंगामात आम्ही नागपूरला गेलो. तेच अकरा जण. कंपोझिटर कप्तानानं मागितले होते तेच. मॅचबद्दल लिहीत नाही. गोल किती झाले ते माझ्यापेक्षा तिथल्या पोरांना चांगलं आठवत असेल. मला त्याच सुमारास नागपुरात सरकारी नोकरी लागली होती, म्हणून मी ट्रकमधून परत जाणार नव्हतो. छापखान्याच्या अंगणात पंगत बसली. गुलाबभाऊ सवयीनं वाढायला उभे राहिले. कंपोझिटर कप्तानानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पाटावर बसवलं. ते पुन्हा उठले, "मी तुपाचं पाहतो जी." पुन्हा बसवलं. बसून खायचं कसं, ते त्यांना येतच नव्हतं. घास हातात, मान वळवून ते सगळ्या पंगतीवर नजर फिरवत होते: यूसुफला भाजी पोचली का, सुखदेवला वरण आलं का, शेठजींची निराळी वाटी कुठे आहे. कप्तान भाताचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर वाकला. गुलाबभाऊंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला.

"तुमी जेवले काय जी सकाळपासून?"

"नाही भाऊ. तुमचं झाल्यावर."

गुलाबभाऊ पाटावर एका बाजूला सरकले आणि त्याचा हात धरून त्याला आपल्या शेजारी खाली ओढलं. तो पातेल्यासकट बसला. दोघं एकाच पत्रावळीवर बोलत जेवू लागले, आणि बाकी सगळी पंगत, शेठजींसकट, भाताची वाट पाहत बसली.